तिसऱ्या रिळातली बाई

तिसऱ्या रिळात विहीर दिसली आणि अख्खं सभागृह नेहमीप्रमाणे एका दमात ओरडलं, “ओ बाई, किती वाजले?”

पण बाई आलीच नाही. विहीर दिसली, रहाट दिसला आणि चित्रानं टुणकन उडी मारली ती थेट सरदाराच्या दिवाणखान्यात. तिथं सरदार मिशीला पीळ देत उभा. दीडशे माणसं तोंडं उघडी टाकून बसली. मग मागून कुणीतरी म्हणालं, “बाई गेली घरी! उशीर झाला असंल,” आणि असा काही हशा पिकला की पुढचे दोन संवाद कुणाला ऐकूच आले नाहीत.

मी मात्र हसलो नाही. जकात नाक्यावर बावीस वर्षं काढलेला माणूस मी. गुळाच्या ढेपांखाली काय दडवलंय ते मी ड्रायव्हरच्या तोंडाकडं बघून सांगायचो. समोरून एखादी गोष्ट गायब झाली की ती कुणीतरी केलेली असते, आपोआप काही होत नसतं, एवढंच मी नोकरीत शिकलो. आणि ते इतकं पक्कं शिकलो की घरात साखरेचा डबा जागेवर नसला तरी आधी बायकोची उलटतपासणी घ्यायचो.

ही गोष्ट सत्याऐंशी सालची. मी आणि अरविंद चौगुले, आम्ही दोघांनी मिळून कोल्हापुरात ‘बिनतिकीट फिल्म मंडळ’ काढलं होतं. चौगुल्याचा मंगळवार पेठेत फोटो स्टुडिओ. आमची दोस्ती तीस वर्षांची, रोज संध्याकाळी मी त्याच्या दुकानातल्या बाकावर. मंडळाचा सिनेमा महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहाला, एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. तिकीट नाही, वर्गणी नाही, येईल त्याला सतरंजी. सिनेमे कुठले, तर जे आपटले पण मेले नाहीत असले. त्यांना ‘कल्ट’ म्हणतात हे आम्हाला फार पुढं कळलं, आम्ही त्यांना ‘पडीक पण लाडके’ म्हणायचो.

सिनेमा संपला की चर्चा. चर्चेचा नियम एकच, पण कडक. बोलायचं त्यानं उभं राहायचं, आधी आपलं नाव आणि पेठ सांगायची, मगच तोंड उघडायचं. कॉलेजचा प्राध्यापक असो की भाजीवाला, सूट कुणालाच नाही. हा नियम माझाच. निनावी बोलणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही.

सगळ्यात लाडका सिनेमा म्हणजे ‘काळजोगिणीचा खंजीर’. पंचावन्नच्या आसपास इथंच, कोल्हापुरात काढलेला. पेशवाईतली भुताटकी, कापसाच्या दाढीचा मांत्रिक, दोरी दिसणारं वटवाघूळ. चार दिवस चालला आणि झोपला. एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या भंगारातून त्याची छोट्या रिळांची प्रिंट आम्हाला मिळाली. पहिल्याच खेळानंतर चर्चेत मी उभा राहिलो. “रंगराव पोवार, शुक्रवार पेठ. तिसऱ्या रिळात पोरगं बुडालं म्हणून विहिरीपाशी एक बाई रडते बघा. तिच्या मनगटावर घड्याळ आहे.”

गलका उडाला. रीळ मागं घेऊन पुन्हा लावलं. आणि खरंच की! पेशवाईतली बाई, कपाळावर आडवं कुंकू, दोन्ही हात वर करून टाहो फोडतेय, आणि बांगड्यांच्या वर चक्क चामडी पट्ट्याचं घड्याळ. मधेच मान वळवून सरळ आपल्याकडं बघतेसुद्धा. पुढच्या खेळाला ती आली तसा मी ओरडलो, “ओ बाई, किती वाजले?” झालं! तिथून पुढं ती प्रथाच पडली. दर तीन महिन्यांनी ‘काळजोगीण’ लावायची आणि लोकांनी ओरडायचं. इचलकरंजीहून पाहुणे घेऊन यायचे लोक ओरडायला. आपण शोधून काढलेली गोष्ट दीडशे तोंडांतून ऐकताना छाती फुगायची माझी, खोटं कशाला सांगू?

आणि आता ती बाईच पळवली होती कुणीतरी.

मशीन चालवायचा येसबा. लोकांना खाली पाठवून आम्ही दोघांनी रीळ उजेडात धरलं.

“तुटली का रं?”

“तुटली न्हाई साहेब. कापलीया,” येसबा म्हणाला. “पाच-साडेपाच फूट गेलीया. आन् सांधा बगा की, कसा बेमालूम बसवलाय! मला न्हाई असा जमत. माझा सांधा मशीनमधनं जाताना खट् करून वाजतोय.”

ते मात्र खरं होतं. येसबाचे हात थरथरायचे, त्याचे सांधे जाडेभरडे. हा सांधा बारीक कामाची सवय असलेल्या हाताचा होता. आणि रिळांच्या कपाटाच्या किल्ल्या दोनच, एक माझ्याकडं, दुसरी चौगुल्याकडं. चौगुल्या निगेटिव्हवर पेन्सिलीच्या टोकानं नवरीच्या गालावरचे फोड घालवायचा, इतका हात बारीक त्याचा.

नाही, नाही, म्हटलं. चौगुल्या नाही. पण एकदा मनात शिरलं की शिरलं.

संध्याकाळी दुकानात गेलो. त्याला सगळं सांगितलं आणि सांगताना त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. तो फोटोच्या कडा कापत होता. हात थांबला नाही.

“जाऊ दे की रंगा,” तो म्हणाला. “साडेपाच फूट गेलं म्हणून सिनेमा काय मरत नाही.”

“अरे पण तेवढंच गेलं! बाकी कशाला हात नाही. लोक त्यासाठी येतात!”

“तेवढ्यासाठीच येत असतील तर न आलेले बरे.”

हे ऐकलं आणि मला मागचं आठवलं. महिनाभरापूर्वी तो असंच काहीतरी म्हणाला होता, “आता पुरे करा तो घड्याळाचा चावटपणा.” तेव्हा मी त्याला चिडवलं होतं, म्हातारा झालास म्हणून. आता मात्र त्या बोलण्याला वेगळाच वास यायला लागला. त्यात त्याच आठवड्यात एकदा भर दुपारी दुकानात गेलो तर बाहेर कुणी नाही, डार्करूमचा पडदा ओढलेला, पडद्यापाशी बायकांच्या झिजलेल्या चपला. मी खाकरलो. आतलं बोलणं बंद. चौगुल्या एकटाच बाहेर आला आणि म्हणाला, “आत्ता काम आहे रे, संध्याकाळी ये.” तीस वर्षांत त्यानं मला कधी ‘संध्याकाळी ये’ म्हटलं नव्हतं.

दुसरा कुणी असता तर सरळ विचारून मोकळा झाला असता. मी कुठला विचारतोय! नाक्यावर आम्ही ट्रकवाल्याला कधी विचारत नसू. विचारलं की तो सावध होतो. आम्ही सापळा लावायचो.

ती बाई सिनेमात आणखी एकदा दिसते, हे फक्त मला ठाऊक होतं. पाचव्या रिळात गावकरी मशाली घेऊन पळतात, त्या गर्दीत दोन सेकंद, पाठमोरी. हे मी चौगुल्याला, एकट्या चौगुल्याला, चहा पिता पिता सांगितलं. “बरं झालं बाबा, पाचव्यात तरी राहिलीय ती,” असं अगदी सहज. मग त्याच दिवशी पाचव्या रिळाच्या डब्याला तळाकडून, सहज दिसणार नाही असा, लाखेचा ठिपका लावून ठेवला. नाक्यावर सीलबंद मालाला लावायचो तसाच.

पंधरा दिवसांनी बघितलं. लाख फुटलेली. रीळ उजेडात धरलं. दोन सेकंद गायब, सांधा तोच, बेमालूम.

मला वाईट वाटायला हवं होतं, नाही का? पण सांगतो ना, आधी आनंद झाला. पकडला म्हणून! वाईट मागाहून वाटलं, आणि तेव्हासुद्धा मी स्वतःची समजूत घातली की मुंबईपुण्याकडच्या कुणा शौकिनाला विकत असणार पट्ट्या, मंडळाच्या मालाशी बेइमानी ती बेइमानी.

पुढच्या महिन्याच्या रविवारी सिनेमा दुसराच होता. चर्चेला मीच पहिला उभा राहिलो.

“रंगराव पोवार, शुक्रवार पेठ. आज सिनेमावर बोलायचं नाही. आपल्या ‘काळजोगिणी’तली बाई कुणी नेली ते मला कळलंय.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, गंमत आहे. मी लाखेचं सांगितलं, किल्ल्यांचं सांगितलं, पाचव्या रिळाचं सांगितलं. जसजसं सांगत गेलो तसतसे लोक चौगुल्याकडं वळून बघायला लागले. तो खिडकीपाशी बसला होता, नेहमीच्या जागी.

शेवटी म्हणालो, “अरविंदा, सगळ्यांसमोर विचारतो. तू कापलीस का?”

तो उठला. नियमाप्रमाणे उठला आणि नियमाप्रमाणेच बोलला. “अरविंद चौगुले, मंगळवार पेठ. होय. मीच कापली.”

“कशासाठी?”

“ते सांगणार नाही.”

“विकलीस का?”

तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यानं खिशातून किल्ली काढली, पुढच्या सतरंजीवर ठेवली आणि जिना उतरून गेला. मागून कुणीतरी “चोर!” म्हणालं. नाव-पेठ न सांगता म्हणालं, आणि मी त्याला टोकलं नाही.

आठवड्यात सगळ्या पेठांत झालं, फोटोवाल्या चौगुल्यानं मंडळाची फिल्म चोरून विकली. त्याच्याकडं ठरलेली एका लग्नाची ऑर्डर लोकांनी काढून घेतली, हेही कानावर आलं. मी त्याच्या दुकानावरून जायचं बंद केलं.

दहाव्या दिवशी सकाळी बायकोनं हाक मारली, “कुणी बाई आल्यात, तुम्हालाच विचारतायत.”

पासष्टीच्या आसपासची बाई. धुवट लुगडं, हातात गाठ मारलेला रुमाल. खुर्चीवर बसा म्हटलं तर उंबऱ्याजवळच टेकली.

“पोवारसाहेब तुमीच न्हवं? शिनेमावालं?”

“होय. काय काम काढलंत?”

तिनं रुमालाची गाठ सोडली. आत फिल्मच्या दोन गुंडाळ्या. एक मोठी, एक लहान.

“ह्या घ्या,” ती म्हणाली. “हुत्या तिथं लावा पुन्यांदा. पर त्या चौगुलेसाहेबास्नी चोर म्हनू नगासा. त्येंचा काय बी दोष न्हाई. म्या पाया पडले तवा त्येंनी कापल्या.”

“तुम्ही कोण?”

“सारजाबाई साळोखे. हितलीच. त्यात रडती ती मीच की वो.”

मी तिच्याकडं बघतच राहिलो. कोल्हापुरात काढलेला सिनेमा, कोल्हापूरच्याच गल्लीबोळांतून रोजावर उचललेली माणसं, आणि आम्ही तो कोल्हापूरकरांना जमवून, फुकट दाखवून हसत होतो. त्यातलं कुणी अजून जिवंत असेल, शेजारच्या आळीत राहत असेल, हे माझ्या संशयी डोक्यात दोन वर्षांत एकदासुद्धा आलं नव्हतं.

“आमच्या आळीतल्या बायका घिऊन गेल्या मला,” ती सांगू लागली. “म्हनल्या, जुना शिनेमा हाय, फुकाट हाय, चल. मला काय ठावं त्यो कुटला ते! मी कदी बगितलाच न्हवता. बसले. हीर आली, आन् समदी वरडली... कुनी वळीखलं न्हाई मला. तीस-बत्तीस वर्सं झाली की. मी पदर तोंडात धरून बसले. दुसऱ्या दिवशी फोटोवाल्यांकडं गेले. म्हनलं, फोटू काडनाऱ्या मानसाला पुसाया बी येत आसंल. त्येंनी इचारलं, मी सांगितलं. शपत घातली, कुनाला सांगू नगा म्हनून. आळीत कळलं तर जल्मभर मला त्येच नाव पडंल न्हवं?”

मी विचारायला नको होतं. पण विचारलं, “ते घड्याळ कसं काय होतं हातात?”

“नर्सबाईचं हुतं. पोरगं आजारी हुतं माजं, घसा धरल्याला. आठ म्हैन्याचं. औशद द्याचं हुतं येळंवर. मला घड्याळ कुटलं कळतंय! त्या म्हनल्या, सारजा, दोनी काटं वर जाऊन येकमेकावर बसलं की दे, चुकवू नगंस. आपलं घड्याळ काडून बांदलं माज्या हाताला. रोज बुडवून चालत न्हवतं म्हनून गेले शूटिंगला. आत बांगड्यांत लपवलं हुतं. सकाळी सोडतो म्हनले, आन् न्हाई सोडलं. पुन्यांदा कर, पुन्यांदा रड म्हनायचे. काटं बसलं तवा मी हिरीपाशीच हुते. बगत हुते साहेबांकडं, आता तरी सोडा म्हनून. ते म्हनले, झकास रडती बाई.”

आतून बायकोच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मी पट्टी उजेडाकडं धरली. नखाएवढी चित्रं. हात वर, तोंड उघडं आणि ती नजर. आपल्याकडं बघते म्हणून आम्ही हसायचो. ती आमच्याकडं बघतच नव्हती, कॅमेऱ्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडं बघत होती.

“पोरगं?” मी विचारलं.

“दिवेलागनीला गेलं.” तिनं पदर सारखा केला. “औशद येळंवर दिलं आसतं तर ऱ्हायलं आसतं का न्हाई, द्येवाला ठावं. डाक्टर म्हनले न्हाई. पर डाक्टर काय, म्हनायचंच.”

मला रडू आलं ते लपवायचंही सुचलं नाही. पट्ट्या तिच्या रुमालात परत ठेवल्या, गाठ मारली. म्हटलं, “ह्या आता तुमच्या. आणि हा सिनेमा पुन्हा लागायचा नाही.”

“पर त्येंच्यावरचा आळ?” ती उठेना. “मी येती तितं. हुबी ऱ्हाती, नाव सांगती, पेठ सांगती. तुमचा नेम हाय न्हवं तसा?”

हा म्हातारा जीव बत्तीस वर्षांनी स्वतःला त्या विहिरीपाशी पुन्हा उभं करायला तयार झाला होता, चौगुल्यासाठी. आणि मी, त्याचा तीस वर्षांचा दोस्त!

“तुम्ही यायचं नाही,” मी म्हणालो. “ते माझ्याकडं लागलं.”

पुढच्या खेळाच्या रविवारी उभा राहिलो. नाव, पेठ. आणि आयुष्यात पहिल्यांदा, अगदी ठरवून, भर सभेत खोटं बोललो. “फिल्म चौगुल्यांनी माझ्या सांगण्यावरून कापली होती. विकलेली नाही. मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला. ते मला वाचवायला गप्प बसले.”

“मग लाख कशाला लावलीत?” कुणीतरी विचारलं.

“त्यांना अडकवायला.”

“पण का?”

दीडशे माणसं माझ्याकडं बघत होती, आणि त्यांच्या डोळ्यांत काय आहे ते मला लख्ख दिसत होतं. बावीस वर्षं तशा नजरेनं मी दुसऱ्यांकडं बघितलं होतं. एका तासात त्यांनी मला मंडळातून काढलं. ‘काळजोगिणी’चे डबे तेवढे मी उचलून घरी आणले, ते पुन्हा कुणाला दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चौगुल्याच्या दुकानात गेलो. तो अल्बमची पानं चिकटवत होता. बाकावर बस म्हणाला नाही, पण मी बसलो.

“ऐकलं मी,” तो म्हणाला. “सारजाबाई येऊन गेल्या म्हणे तुझ्याकडं.”

“अरविंदा, चुकलो रे. तू सांगायचंस तरी मला.”

“तिनं शपथ घातली होती.”

“तेच तर. म्हणजे सांगताच येत नव्हतं तुला.”

“तुला सांगितलं असतं.” त्यानं डिंकाची बाटली बंद केली. “शपथ मोडून सांगितलं असतं. तुझ्यापासून काय लपवलंय मी आजवर? तू रोज त्या बाकावर बसत होतास, रंगा. महिनाभर बसत होतास. माझ्या तोंडाकडं बघत होतास, ते काय मला कळत नव्हतं? वाट बघत होतो मी, आज विचारेल, उद्या विचारेल म्हणून. तू डब्याला लाख लावत होतास.”

मी म्हणालो, “आता विचारतो. का कापलीस?”

“आता तुला माहीत आहे. माहीत नव्हतं तेव्हा विचारायचं होतंस, आणि ते सुद्धा इथं, दोघांत.”

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, पासपोर्टचे फोटो हवेत म्हणून. चौगुल्यानं त्याला आत नेलं, स्टुलावर बसवलं, मान सरळ करा म्हणाला. मी थोडा वेळ थांबलो आणि घरी आलो.

त्यानंतर तो अकरा वर्षं जगला. भांडण असं कधी झालं नाही आमचं. रस्त्यात गाठ पडली की आपणहून थांबायचा, हात जोडायचा, घरच्यांची विचारपूस करायचा. फक्त मला ‘पोवारसाहेब’ म्हणायचा.